जनुक-नियमन जाळ्यांची गतिकी आणि संभाव्यता प्रारूपे : ‘सरासरी पेशी’ या संकल्पनेची मर्यादा

सारांश

समान जनुके असलेल्या आणि समान परिस्थितीत वाढणाऱ्या पेशी एकसारख्या वागत नाहीत. या भिन्नतेचे एक प्रमुख कारण असे की, जनुकांचे नियमन करणारे रेणू पेशीत अत्यल्प संख्येने असतात आणि त्यांच्यातील अभिक्रिया यादृच्छिकपणे घडतात. जनुक-नियमन जाळ्यांची गतिकी समजून घेण्यासाठी संभाव्यता प्रारूपे का आवश्यक ठरली, त्यांची रचना कशी असते, प्रयोगांनी त्यांना कितपत आधार दिला आणि त्यांच्या मर्यादा कोणत्या, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. सरासरीवरून यंत्रणेचे अनुमान करणे दिशाभूल करणारे ठरू शकते, हे या विवेचनाचे मध्यवर्ती सूत्र आहे.

बीजशब्द : जनुक-नियमन, संभाव्यता प्रारूप, मार्कोव्ह प्रक्रिया, गिलेस्पी पद्धती, लॅक ओपेरॉन, चिवट पेशी.

१. प्रस्तावना

प्रत्येक सजीव पेशीत हजारो जनुके असतात. परंतु ती सर्व एकाच वेळी कार्यरत नसतात. कोणते जनुक केव्हा आणि किती प्रमाणात व्यक्त व्हावे, हे बव्हंशी इतर जनुकांपासून तयार झालेली प्रथिने ठरवितात. एका जनुकाचे प्रथिन दुसऱ्या जनुकाला चालना देते, तिसऱ्याला रोखते, तर कधी स्वतःच्याच निर्मितीवर परिणाम करते. या परस्परसंबंधांच्या समुच्चयाला जनुक-नियमन जाळे असे म्हणतात. फ्रान्स्वा जाकॉब आणि जाक मोनो यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या ओपेरॉन संकल्पनेने या विचाराचा पाया घातला. या कार्यासाठी त्यांना आंद्रे ल्वॉफ यांच्यासमवेत १९६५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

जाळे म्हटले की काळाबरोबर होणाऱ्या त्याच्या बदलाचा, म्हणजेच गतिकीचा, प्रश्न उपस्थित होतो. रसायनशास्त्राच्या परंपरेनुसार हा प्रश्न अवकल समीकरणांच्या साहाय्याने सोडविला जातो. प्रत्येक प्रथिनाची संहती ही एक सलग राशी मानली जाते आणि आरंभीची स्थिती ज्ञात असल्यास पुढील स्थिती निश्चितपणे काढता येते. परीक्षानळीतील अभिक्रियांसाठी ही पद्धत समाधानकारक आहे. पेशीच्या अंतरंगात मात्र तिचे मूळ गृहीतकच डळमळीत होते.

२. अल्पसंख्य रेणूंचे गणित

ई. कोलाय या जीवाणूच्या पेशीचे आकारमान सुमारे १ घन मायक्रोमीटर असते. एवढ्या लहान जागेत एखाद्या पदार्थाचा एकच रेणू असेल, तर त्याची संहती सुमारे दीड नॅनोमोलर भरते. दोन रेणू म्हणजे तीन नॅनोमोलर. मधली अवस्था संभवतच नाही. लॅक्टोजच्या पचनाशी संबंधित जनुकांना रोखून धरणारा लॅक दमनक हा याचे प्रसिद्ध उदाहरण होय. वॉल्टर गिल्बर्ट आणि बेनो म्युलर-हिल यांनी १९६६ मध्ये तो वेगळा केला. एका पेशीत त्याचे जेमतेम दहा रेणू असतात. आणि ज्या जनुकस्थळावर तो बसतो, त्याच्या पेशीत एक-दोनच प्रती असतात.

संख्या अल्प असली की चढउतारांचे सापेक्ष महत्त्व वाढते. परस्परांपासून स्वतंत्र अशा घटनांच्या बाबतीत चढउताराचे प्रमाण साधारणतः संख्येच्या वर्गमुळाइतके असते. दहा हजार रेणू असतील तर चढउतार सुमारे शंभरांचा, म्हणजे १ टक्का. दहाच रेणू असतील तर सुमारे तिघांचा, म्हणजे ३० टक्क्यांहून अधिक. पहिल्या परिस्थितीत सरासरीवर विसंबणे वावगे नाही. दुसऱ्या परिस्थितीत ते धोक्याचे आहे. स्वयंउत्प्रेरक अभिक्रियांमधील सांख्यिकीय चढउतारांकडे मॅक्स डेलब्रुक यांनी १९४० मध्येच लक्ष वेधले होते. तथापि एकेका पेशीचे निरीक्षण करण्याची साधने विकसित होईपर्यंत हा विचार जीवशास्त्राच्या मुख्य प्रवाहाबाहेरच राहिला.

३. सरासरीने झाकलेले वास्तव : १९५७ चा प्रयोग

आरोन नोव्हिक आणि मिल्टन वायनर यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात विशेष उद्बोधक आहे. त्यांनी ई. कोलायच्या संवर्धनात लॅक जनुकांना चालना देणारा एक कृत्रिम प्रेरक अल्प प्रमाणात मिसळला आणि बीटा-गॅलॅक्टोसायडेज या विकराचे प्रमाण मोजले. संपूर्ण संवर्धनातील विकराचे प्रमाण कित्येक पिढ्यांच्या काळात संथपणे वाढत गेले. यावरून प्रत्येक पेशी हळूहळू अधिकाधिक विकर तयार करीत असावी, असा निष्कर्ष कोणीही सहज काढला असता.

परंतु एकेका जीवाणूपासून वाढविलेल्या संवर्धनांची तपासणी केली असता वेगळेच चित्र समोर आले. काही पेशी पूर्ण क्षमतेने विकर तयार करीत होत्या, तर उरलेल्या जवळजवळ मुळीच करीत नव्हत्या. अर्धवट चालना मिळालेली पेशी आढळत नव्हती. संथपणे वाढत होते ते पेशीतील विकर नव्हे, तर चालना मिळालेल्या पेशींचे समष्टीतील प्रमाण.

यामागील यंत्रणा धन प्रत्याभरणाची आहे. प्रेरकाला पेशीत आणणारे पर्मिएज हे प्रथिन त्याच ओपेरॉनमधील एका जनुकापासून बनते. थोडे पर्मिएज तयार झाले की अधिक प्रेरक आत येतो, अधिक दमनक निष्प्रभ होतात आणि आणखी पर्मिएज तयार होते. म्हणून व्यवस्थेला दोनच स्थिर अवस्था उरतात : पूर्ण बंद किंवा पूर्ण चालू. बंद अवस्थेतील पेशी चालू अवस्थेत केव्हा जाईल, हे मात्र एखाद्या यादृच्छिक घटनेवर अवलंबून राहते.

ही घटना कोणती, याचे उत्तर मिळण्यास पाच दशके लागली. सनी शी यांच्या गटाने २००८ मध्ये एकेक रेणू मोजण्याच्या तंत्राने पुढील बाब दाखवून दिली. लॅक दमनक डीएनएला एकाच वेळी दोन ठिकाणी धरून ठेवतो. त्याची एकच पकड सुटली, तर पर्मिएजचे मोजकेच रेणू तयार होतात आणि पेशी बंदच राहते. दोन्ही पकडी सुटण्याची विरळा घटना घडली, तर दमनक पुन्हा स्थानापन्न होईपर्यंत पर्मिएजचे शेकडो रेणू तयार होतात आणि पेशी चालू अवस्थेत ढकलली जाते. एका रेणूची एक क्षणिक हालचाल संपूर्ण पेशीचे वर्तन बदलू शकते, याचा हा प्रत्यक्ष पुरावा होय.

४. संभाव्यता प्रारूपाची रचना

संभाव्यता प्रारूपात ‘अमुक वेळी किती प्रथिन असेल’ हा प्रश्न विचारला जात नाही. ‘अमुक वेळी अमुक इतके रेणू असण्याची संभाव्यता किती’ हा प्रश्न विचारला जातो. पेशीची स्थिती म्हणजे प्रत्येक प्रकारच्या रेणूंची पूर्णांक संख्या. प्रत्येक अभिक्रियेमुळे ही स्थिती एका पायरीने बदलते. पुढील बदल केवळ वर्तमान स्थितीवर अवलंबून असतो, पूर्वेतिहासावर नव्हे, असे मानल्यास ही मार्कोव्ह प्रक्रिया ठरते. प्रत्येक स्थितीची संभाव्यता काळानुसार कशी बदलते, हे सांगणाऱ्या समीकरणसंचाला महासमीकरण म्हणतात.

महासमीकरण मांडणे सोपे, सोडविणे दुरापास्त. केवळ दहा प्रथिने घेतली आणि प्रत्येकाची संख्या ० ते ९९ दरम्यान मानली, तरी स्थितींची संख्या १ वर २० शून्ये इतकी होते. ही अडचण डॅनियल गिलेस्पी यांनी १९७६ आणि १९७७ मधील लेखांत मांडलेल्या पद्धतीने पार केली. सर्व स्थितींची संभाव्यता एकदम काढण्याऐवजी एका पेशीचा एक संभाव्य जीवनपट संगणकावर पुनःपुन्हा घडवून पाहावयाचा, हे या पद्धतीचे मर्म होय.

एका काल्पनिक जनुकाच्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. एखाद्या क्षणी पेशीत संदेशवाहक आरएनएचे २ आणि प्रथिनाचे ८० रेणू आहेत, असे समजू. चार घटना संभवतात. नवा आरएनए तयार होण्याचा दर सेकंदाला ०.०१ आहे. प्रत्येक आरएनए नष्ट होण्याचा दर ०.००५, म्हणजे दोहोंचा मिळून ०.०१ आहे. प्रत्येक आरएनएपासून प्रथिन बनण्याचा दर ०.०५, म्हणजे एकूण ०.१० आहे. प्रत्येक प्रथिन नाहीसे होण्याचा दर ०.००१, म्हणजे एकूण ०.०८ आहे. या चारही दरांची बेरीज ०.२० होते. म्हणून पुढील घटना सरासरी ५ सेकंदांनी घडेल. तिची नेमकी वेळ पहिल्या यादृच्छिक संख्येने ठरते. ती घटना प्रथिननिर्मितीची असण्याची संभाव्यता ५० टक्के, प्रथिन नाहीसे होण्याची ४० टक्के आणि उरलेल्या दोन घटनांची प्रत्येकी ५ टक्के. ही निवड दुसऱ्या यादृच्छिक संख्येने होते. घटना घडली की रेणूंची संख्या बदलते, दर नव्याने काढले जातात आणि पुढचे पाऊल टाकले जाते.

हे चक्र दीर्घकाळ चालविल्यास प्रथिनाची सरासरी १०० वर स्थिरावते. अवकल समीकरणही हेच उत्तर देते. परंतु संभाव्यता प्रारूप आणखी एक गोष्ट सांगते. या जनुकाच्या बाबतीत प्रमाण विचलन सुमारे ३० इतके येते. आता आरएनए तयार होण्याचा दर दसपट वाढविला आणि प्रत्येक आरएनएपासून प्रथिन बनण्याचा दर एक-दशांश केला, तर सरासरी १०० च राहते. प्रमाण विचलन मात्र सुमारे साडेतेरापर्यंत खाली येते. पहिल्या स्थितीत प्रत्येक विरळा आरएनए त्याच्या आयुष्यात सरासरी दहा प्रथिने तयार करतो, त्यामुळे निर्मिती झटक्याझटक्याने होते. दुसऱ्या स्थितीत ती संथपणे पाझरत राहते. निश्चयवादी प्रारूपाला या दोन जनुकांमधील फरक दिसतच नाही.

तिसरी शक्यता अधिकच उद्बोधक आहे. जनुक स्वतःच चालू आणि बंद अशा दोन अवस्थांत ये-जा करते आणि निम्मा वेळ चालू राहते, असे मानू. चालू असताना प्रथिनांची संख्या २०० च्या आसपास आणि बंद असताना शून्याजवळ जाते. ही ये-जा प्रथिनाच्या आयुर्मानाच्या तुलनेत वेगवान असेल, तर बहुतेक पेशींत सुमारे १०० प्रथिने आढळतील. ती अतिशय मंद असेल, तर जवळपास निम्म्या पेशींत २०० आणि निम्म्यांत शून्य प्रथिने आढळतील. सरासरी याही वेळी १०० च येईल. परंतु १०० प्रथिने असलेली पेशी शोधूनही क्वचितच सापडेल.

५. प्रायोगिक आधार

पेशीगणिक दिसणाऱ्या या चढउतारांना शास्त्रीय परिभाषेत ‘नॉइज’ म्हणतात. येथे त्यासाठी गोंगाट हा शब्द योजला आहे. गोंगाटाचे दोन उगम संभवतात. जनुकाच्या अभिव्यक्तीतील अभिक्रियांच्या यादृच्छिकतेतून उद्भवतो तो अंगभूत गोंगाट. पेशीचा आकार, रायबोसोमांची संख्या, वाढीचा टप्पा यांतील फरकांतून येतो तो बाह्य गोंगाट. मायकेल एलोविट्झ आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये या दोहोंची फारकत करणारा अत्यंत साधा प्रयोग केला. त्यांनी ई. कोलायच्या एकाच पेशीत निळसर आणि पिवळा प्रकाश देणाऱ्या दोन प्रथिनांची जनुके समान प्रवर्तकाच्या नियंत्रणाखाली ठेवली. केवळ बाह्य गोंगाट असता, तर प्रत्येक पेशीत दोन्ही रंग बरोबरीने वाढले किंवा घटले असते. प्रत्यक्षात काही पेशींत एक रंग, तर काहींत दुसरा वरचढ दिसला. ही तफावत हेच अंगभूत गोंगाटाचे माप होय.

इडो गोल्डिंग आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये जिवंत जीवाणूत आरएनएचे रेणू मोजून त्यांची निर्मिती झटक्याझटक्याने होते हे दाखविले. पुढे २०१० मध्ये सनी शी यांच्या गटाने ई. कोलायच्या हजाराहून अधिक जनुकांचे एकेका पेशीत मापन केले. त्यातून एक अनपेक्षित बाब पुढे आली : एकाच पेशीत, एकाच जनुकाच्या आरएनएची संख्या आणि प्रथिनाची संख्या यांत जवळपास सहसंबंध आढळला नाही. आरएनए काही मिनिटांत नष्ट होतो, तर प्रथिन कित्येक पिढ्या टिकते; त्यामुळे या क्षणीचा आरएनए भूतकाळातील प्रथिनसंचयाबद्दल फारसे सांगू शकत नाही. एकपेशीय आरएनए-क्रमवाचनाच्या आधारे नियमनाविषयी अनुमाने करणाऱ्या संशोधकांनी हा इशारा ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

६. मोठ्या जाळ्यांची प्रारूपे

एक-दोन जनुकांसाठी रेणूगणिक हिशेब शक्य असतो. शेकडो जनुकांच्या जाळ्यासाठी आवश्यक ते दर बहुधा ज्ञात नसतात. अशा वेळी अधिक स्थूल प्रारूपांचा आश्रय घेतला जातो. स्टुअर्ट कॉफमन यांनी १९६९ मध्ये प्रत्येक जनुक केवळ चालू किंवा बंद मानून तर्कनियमांवर आधारित बूलीय जाळी मांडली. इल्या श्मुलेविच आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये तिला संभाव्यतेची जोड दिली : प्रत्येक जनुकाला एकाऐवजी अनेक तर्कनियम आणि प्रत्येक नियम लागू होण्याची ठरावीक संभाव्यता. त्यामुळे संपूर्ण जाळे ही एक मार्कोव्ह साखळी बनते. दहा जनुकांच्या जाळ्याला १,०२४ स्थिती असतात आणि दीर्घकाळात प्रत्येक स्थितीत जाळे किती वेळ राहील, हे काढता येते.

याच्या उलट दिशेचा प्रश्न, म्हणजे मापनांवरून जाळे शोधून काढण्याचा, अधिक बिकट आहे. नीर फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये किण्वाच्या पेशीचक्राच्या विदेला बेझीय जाळ्यांची पद्धत लावली. तेथे ८०० जनुके होती आणि मापने होती अवघी ७६. आठशे जनुकांमध्ये संभाव्य दिशायुक्त जोड्यांचीच संख्या ६,३९,२०० होते. अशा परिस्थितीत एकच ‘खरे’ जाळे सांगणे अशक्य असते. म्हणून त्यांनी एका जाळ्यावर भर न देता, विदेशी सुसंगत अशा अनेक जाळ्यांत वारंवार आढळणाऱ्या संबंधांवर भर दिला. हा संयम अनुकरणीय आहे. शिवाय साध्या बेझीय जाळ्यात चक्राकार संबंधांना स्थान नसते. प्रत्याभरण दाखवायचे तर काळाचे टप्पे वेगळे मांडणारे गतिक बेझीय जाळे वापरावे लागते.

अशा पद्धतींच्या तुलनेसाठी झालेल्या ‘ड्रीम’ उपक्रमातील एका व्यापक मूल्यमापनात, २०१२ मध्ये, तीसहून अधिक पद्धती तपासण्यात आल्या. कोणतीही एक पद्धत सर्व ठिकाणी सरस ठरली नाही. अनेक पद्धतींच्या उत्तरांचे एकत्रीकरण अधिक भरवशाचे आढळले. सहसंबंधावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे सांख्यिकीतील मूलभूत तत्त्व येथेही लागू आहे. त्यासाठी जनुक निष्क्रिय करून परिणाम पाहण्यासारखा प्रत्यक्ष हस्तक्षेप आवश्यक ठरतो.

७. यादृच्छिकता की अज्ञान?

संभाव्यता प्रारूपांविषयी एक मूलभूत आक्षेप घेतला जातो : ज्याचे कारण ठाऊक नाही, त्याला ‘यादृच्छिक’ म्हणून मोकळे होणे कितपत योग्य? लॅम्डा या जीवाणुभक्षी विषाणूचा अभ्यास या आक्षेपाचे वजन दाखवितो. हा विषाणू ई. कोलायमध्ये शिरल्यावर एक तर असंख्य प्रती तयार करून पेशी फोडतो, किंवा आपला डीएनए जीवाणूच्या गुणसूत्रात गुंफून सुप्त राहतो. ॲडम आर्किन, जॉन रॉस आणि हार्ली मॅकॲडम्स यांनी १९९८ मध्ये गिलेस्पी पद्धती वापरून दाखविले की, एकसारख्या पेशींपैकी काही एका मार्गाने आणि काही दुसऱ्या मार्गाने जाणे हे केवळ अभिक्रियांच्या यादृच्छिकतेतूनही उद्भवू शकते.

पुढील निरीक्षणांनी हे चित्र अधिक सूक्ष्म केले. २००८ मध्ये असे आढळले की, संसर्गाच्या वेळी पेशी मोठी असेल तर ती फुटण्याकडे आणि लहान असेल तर सुप्तावस्थेकडे कल असतो. २०१० मध्ये असे दिसून आले की, एका पेशीत अनेक विषाणू शिरल्यास प्रत्येक विषाणू जणू स्वतंत्र निर्णय घेतो आणि सर्वांचे एकमत झाले तरच पेशी सुप्तावस्थेत जाते. म्हणजे पूर्वी जी यादृच्छिकता वाटत होती, तिचा काही भाग पेशीच्या न मोजलेल्या आकारात दडलेला होता. शिवाय पेशीचे अंतरंग सर्वत्र एकजीव ढवळलेले आहे, या गिलेस्पी पद्धतीच्या मूळ गृहीतकालाही या निरीक्षणाने मर्यादा घातली.

यावरून संभाव्यता प्रारूपे चुकीची ठरत नाहीत. लॅक दमनकाची पकड सुटणे ही ऊष्मीय हालचालींतून उद्भवणारी खरोखरच यादृच्छिक घटना आहे. तथापि प्रारूपातील ‘गोंगाट’ या पदात यादृच्छिकता आणि अज्ञान दोन्ही सामावलेले असतात. त्यांची फारकत प्रारूप करू शकत नाही, ती प्रयोगालाच करावी लागते.

८. व्यावहारिक महत्त्व : चिवट पेशी

हा प्रश्न केवळ सैद्धांतिक नाही. जोसेफ बिगर यांनी १९४४ मध्ये असे नोंदविले की, पेनिसिलीनच्या माऱ्यानंतरही स्टॅफिलोकॉकस जीवाणूंपैकी काही मोजके जिवंत राहतात; मात्र त्यांची संतती पेनिसिलीनला पूर्वीइतकीच बळी पडते. म्हणजे हे जनुकीय प्रतिकाराचे उदाहरण नव्हते. अशा पेशींना चिवट पेशी म्हणता येईल. नताली बलाबन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये सूक्ष्म नलिकांत एकेका ई. कोलाय पेशीचे निरीक्षण करून दाखविले की, वाचणाऱ्या पेशी औषध देण्यापूर्वीच अत्यंत मंद वाढीच्या अवस्थेत गेलेल्या होत्या. सामान्य आणि सुप्त या दोन अवस्थांमधील यादृच्छिक ये-जा मांडणारे साधे प्रारूप या निरीक्षणांशी जुळते.

याचा अर्थ आकड्यांत पाहावा. दहा लाख जीवाणूंपैकी दर दहा हजारांत एक सुप्त आहे, असे मानल्यास औषधानंतर १०० उरतात. सरासरीच्या भाषेत ९९.९९ टक्के यश मिळाले. परंतु उरलेले १०० जीवाणू जागे झाल्यावर १३-१४ द्विगुणनांत पुन्हा दहा लाखांवर पोहोचतात. रोग उलटणार की नाही, हे सरासरी पेशी ठरवीत नाही. वितरणाच्या टोकाला असलेल्या मूठभर पेशी ठरवितात. क्षयरोगासारख्या व्याधींवर दीर्घकाळ औषधे का घ्यावी लागतात, यामागील कारणांत अशा चिवट जीवाणूंचा समावेश केला जातो. उपचाराचा कालावधी आणि मात्रांमधील अंतर ठरविताना दोन अवस्थांमधील ये-जा करण्याचे दर म्हणूनच निर्णायक महत्त्वाचे ठरतात.

९. समारोप

उपरोक्त विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, अल्पसंख्य रेणूंवर चालणाऱ्या जाळ्याचे वर्णन एका मार्गाने नव्हे, तर संभाव्यता वितरणाने करणे भाग आहे. दुसरा, समान सरासरीमागे भिन्न यंत्रणा असू शकतात. त्यांतील भेद प्रसरणात आणि वितरणाच्या आकारात दिसून येतो. तिसरा, वितरण जुळले म्हणजे यंत्रणा सिद्ध झाली असे नव्हे; प्रारूपाने सुचविलेल्या शक्यतांचा निवाडा हस्तक्षेपात्मक प्रयोगानेच होतो.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीनेही या विषयाचे मोल आहे. चौथ्या विभागातील चार घटनांचे उदाहरण साध्या तक्तापत्रकात (स्प्रेडशीटमध्ये) दोन यादृच्छिक संख्यांच्या आधारे पदवी वर्गातील विद्यार्थीही चालवून पाहू शकतात. शंभर विद्यार्थ्यांनी प्रत्येकी एक ‘पेशी’ चालविली आणि हाती आलेल्या संख्यांचा आयतालेख काढला, तर जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रसरणाचा अर्थ आणि सांख्यिकीच्या विद्यार्थ्याला जनुकाचा स्वभाव एकाच तासिकेत उमगू शकेल. वर्गाची सरासरी १०० च्या आसपास येईल. परंतु नेमकी १०० ही संख्या किती जणांना मिळाली, हा प्रश्न अध्यापकाने अवश्य विचारावा.